विहिरीची कविता आणि राजपाल सरांचं मत

राजपाल सरांना इंग्रजीतली कुठलीही कविता आवडायला पाच मिनिटं पुरायची. कविता झाडावर असो, लढाईवर असो, नाहीतर म्हाताऱ्या घोड्यावर. सरांना ती आवडायचीच. आणि सरांना आवडली की वर्गातल्या सगळ्या पोरांनाही आवडायची, कारण दुसरी सोयच नव्हती.

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण लिहायला पाच मार्क असतात. सरांनी बावीस वर्षांपूर्वी एक रसग्रहण तयार केलं होतं, आणि ते असं दणकट निघालं की मधल्या काळात पुस्तकं बदलली, अभ्यासक्रम बदलला, पण रसग्रहणाचा टवकासुद्धा उडाला नाही. कवितेचं नाव बदलायचं, कवीचं नाव बदलायचं, बाकी मजकूर जसाच्या तसा. शेवटचं वाक्य तर जळकोटात लहानथोरांना पाठ होतं. "आय लाइक धिस पोएम व्हेरी मच, बिकॉज इट इज सिम्पल अँड टचिंग." सर हायवेच्या कडेनं चालत शाळेत निघाले की मोटारसायकलवरनं जाणारा एखादा माजी विद्यार्थी हात वर करून ओरडायचा, "सिम्पल अँड टचिंग, सर!" सरही हात वर करायचे. पोरांनी एवढी वर्षं आठवण ठेवली याचं त्यांना कौतुक वाटायचं. त्यात थोडी चेष्टाही असेल ही शंका त्यांच्या मनाला कधी शिवली नाही.

त्यांची बायको गुलाब अंगणवाडीत शिकवायची. ती म्हणायची, "तुमच्यापरीस माझी पोरं बरी. भात आवडला न्हाय तर ताट सारून देत्यात."

पण सरांना हसण्याआधी त्यांची बाजूही ऐकायला हवी. त्यांचे वडील अमृत रस्त्याच्या कामावर मजूर होते. हायवे रुंद झाला तेव्हा डांबराच्या गाडीमागं चालून त्यांच्या टाचा कायमच्या काळ्या पडल्या. घरात कागद म्हणजे रेशनकार्ड आणि भिंतीवरचं कॅलेंडर. अशा घरातला राजपाल नववीत इंग्रजीत दोनदा नापास झाला. तिसऱ्या वेळी त्यानं गाइडच पाठ केलं, पहिल्या पानापासून किमतीपर्यंत. पास झाला. मग दहावीलाही तेच केलं, बारावीलाही तेच, आणि धाराशिवला वसतिगृहात राहून बीएड होईपर्यंत त्याच रस्त्यानं चालत राहिला. त्यांच्या आळीतला तो इंग्रजीचा पहिला मास्तर. त्यामुळं सरांचा पक्का विश्वास बसला होता की मत बाळगणं ही शिकल्यासवरल्या घरातली चैन आहे. मजुराच्या पोरानं आधी मार्क घ्यावेत. मत नोकरी लागल्यावर बघता येतं. पुढं नोकरीला अठ्ठावीस वर्षं झाली, तरी ते बघायचं राहूनच गेलं.

यंदाच्या जानेवारीत पूर्वपरीक्षा झाली. यावेळी दोन शाळांनी एकमेकींचे पेपर तपासायचे असं ठरलं होतं, म्हणून जळकोटचे इंग्रजीचे गठ्ठे नळदुर्गला गेले. तिथं राजेश्वरी मॅडम म्हणून नव्या बाई होत्या. नोकरीला तिसरं वर्ष, त्यामुळं पेपर खरंच वाचायची सवय अजून सुटली नव्हती. शुक्रवारी दुपारी त्यांचा फोन आला.

"सर, तुमच्या वर्गाचे पेपर झाले. त्रेचाळीसपैकी बेचाळीस जणांना कविता आवडलीय."

"चांगलं आहे की."

"एकाच कारणानं आवडलीय, सर. त्याच शब्दांत. आणि त्यातल्या एकोणीस जणांनी ‘टचिंग’चं स्पेलिंग एकसारखं चुकवलंय."

सरांनी मनातल्या मनात स्पेलिंग घोकलं आणि विषय पुढं सरकवला. "आणि त्रेचाळिसावा?"

"त्रेचाळिसावी. शिवप्रिया. तिला आवडली नाही."

"तिला त्या दिवशी बरं नसेल, मॅडम. तशी पोरगी चांगली आहे," सर घाईघाईनं म्हणाले.

"मी तिला पाचपैकी चार दिलेत. बाकी सगळ्यांना अडीच."

सरांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. बावीस वर्षांत त्यांच्या रसग्रहणाला चाराच्या खाली कुणी उतरवलं नव्हतं. आणि हा चार मिळाला होता तोही त्यांच्या विरोधात.

दुसऱ्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा सुटली तशी सर एसटीनं नळदुर्गला गेले, गठ्ठा ताब्यात घेतला, आणि परतीच्या गाडीत खिडकीपाशी बसून शिवप्रियाचा पेपर काढला. शिवप्रिया म्हणजे हायवेवर पंक्चरचं दुकान असलेल्या वीरप्पांची मुलगी. दुसऱ्या बाकावर बसायची, फारसं बोलायची नाही. अशी माणसं लिहितात, हे सरांच्या लक्षात आलं नव्हतं.

कविता होती एका विहिरीवर. कवी भर दुपारी वाटेनं चाललेला असतो, त्याला एक जुनी विहीर दिसते. ती कशी शांत, कशी उदार, आल्यागेल्या सगळ्यांना सारखं पाणी देते आणि कुणाकडं काही मागत नाही, असं तीन कडव्यांत सांगून कवी पुढं निघून जातो. सहा वर्षं ही कविता पुस्तकात होती आणि सहा वर्षं सर फळ्यावर लिहीत होते, "थीम: इक्वॉलिटी."

शिवप्रियाचं इंग्रजी काही ठिकाणी लंगडत होतं, पण काय म्हणायचंय ते स्वच्छ होतं. मराठीत सांगायचं तर तिनं असं लिहिलं होतं: ‘मला ही कविता आवडली नाही. विहीर काही देत नाही. ओढणारा माणूस देतो. माझी आजी म्हाळसाबाई हिनं चाळीस वर्षं पाणी ओढलं, तिच्या तळहातावर दोराचे वळ अजून आहेत. कवी सावलीत उभा राहून बघतो. त्यानं एकदा जरी दोर हातात धरला असता, तर कविता एवढी लांब झाली नसती. यमकं चांगली आहेत.’

सर खुदकन हसले. शेजारच्या बाईनं वळून पाहिलं. मग त्यांना राग आला, की आपण हसलो. जळकोट येईपर्यंत त्यांनी ते उत्तर चार वेळा वाचलं, आणि लाल पेन काढून तीन स्पेलिंगं सुधारली. सवय.

घरी आल्यावर त्यांनी गुलाबला सगळा प्रकार सांगितला. गुलाबनं नेहमीप्रमाणं पोरीची बाजू घेतली. सरांची आई मथुराबाई बाजेवर बसून सुपात ज्वारी निवडत होती. अठ्ठ्याहत्तरीची म्हातारी, कान मात्र तरण्या सुनेपेक्षा तिखट.

"कसली विहीर रं राजू?"

"कविता हाय माय. इंग्रजी पुस्तकातली."

"मंग सांग की मराठीत. मला काय परीक्षेला बसायचंय?"

सरांनी पुस्तक उघडलं. सहा वर्षं शिकवलेली कविता त्यांनी आजवर घरात वाचलेली नव्हती. एक एक ओळ मराठीत करून ते सांगू लागले. मराठीत सांगताना कविता उगीच बारीक झाल्यासारखी वाटत होती. मथुराबाईचा हात सुपातच थांबला.

"समद्यास्नी सारखं पानी देती म्हनं?"

"हं."

"कुठल्या गावची विहीर ही?"

"विलायतेतली असंल."

"मंग असंल बाबा. आपल्या गावची न्हवती तसली." तिनं एक खडा शोधून बाजूला टाकला. "आमाला काठावर चढाय येत न्हवतं. खाली घागरी मांडून बसायचं. वरनं कुनी वतंल तवा उठायचं. कदी कदी दुपार कलायची. कुनी बाया बघून न बघितल्यावानी करायच्या. कुनी न बोलता वतायच्या. विहीर बिचारी काय बोलनार? बोलनारी समदी वरच." मग तिनं एकदम विचारलं, "तुजा कवी कुठं हुबा व्हता म्हनलास?"

"झाडाखाली. सावलीत."

"मंग बरुबर हाय त्येचं," मथुराबाई म्हणाली आणि सूप पाखडायला लागली.

गुलाब हसली. सर हसले नाहीत. आईचं हे बोलणं त्यांना नवं नव्हतं. आळीतल्या प्रत्येक घराला ते ठाऊक होतं, आणि भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती ती काही शोभेला नव्हती. पण ही विहीर आणि ती विहीर त्यांनी कधी एका जागी आणलीच नव्हती. एक शाळेत होती, एक घरात. मधलं अंतर सव्वा किलोमीटरचं. ते रोज दोन वेळा चालत होते आणि अठ्ठावीस वर्षांत एकदाही एकीची दुसरीला खबर दिली नव्हती.

सोमवारपासून उजळणी सुरू व्हायची होती. बोर्डाच्या पेपराला एकोणीस दिवस. उजळणी म्हणजे सरांनी सांगायचं आणि पोरांनी पुन्हा लिहून घ्यायचं, असा शिरस्ता. सर वर्गात आले, पेपर वाटले आणि म्हणाले, "वह्या मिटा."

पोरं घाबरली. वह्या मिटून इंग्रजी कसं शिकतात हे त्यांनी पाहिलं नव्हतं.

"विहिरीची कविता. कुणाला आवडली, कुणाला न्हाय, आणि का. आपलं आपलं सांगायचं."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी मागच्या बाकावरचा महारुद्र उठला. हे पोरगं अभ्यासात बेताचं, पण हिशेबाला पक्कं.

"सर, आवडली म्हणलं की अडीच, न आवडली म्हणलं की चार. मग मला न्हाय आवडली."

"का न्हाय आवडली?"

"चार मार्कासाठी."

वर्गात हशा फुटला. सरांनी टेबलावर डस्टर आपटलं, पण फार जोरात नाही. "आवडली का न्हाय याला मार्क न्हाईत. का, याला मार्क हाईत. बस खाली."

मग खिडकीजवळची चैताली उठली. "सर, मला खरंच आवडली."

"का?"

"दुसऱ्या कडव्यात पोहरा पाण्यात पडतो ना, तिथं तो आवाज शब्दात ऐकू येतो. मोठ्यानं वाचलं की."

सरांनी ती ओळ मोठ्यानं वाचली. खरंच आला आवाज. आधी दोर सरसरला, मग डुबुक. त्या ओळीखाली त्यांनी स्वतःच पेन्सिलीनं ‘ओनोमॅटोपिया’ लिहिलेलं होतं, आणि सहा वर्षं पोरांकडून त्याचं स्पेलिंग घोटून घेतलं होतं. आवाज आज पहिल्यांदा ऐकला. त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली, तेव्हा पोरांना वाटलं सर विसरले.

त्या तासाला कवितेनंतर धडाही निघाला. एक श्रीमंत माणूस थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला कोट देतो, असा तो धडा. आजवर सगळ्यांनी ‘दया’ लिहिलं होतं. आज एकानं विचारलं, दुसऱ्या दिवशी त्या श्रीमंतानं नवा कोट घेतला असणार, मग त्याचं गेलं काय? दुसऱ्यानं सांगितलं, भिकाऱ्यानं कोट विकला असणार. त्याला कोटापेक्षा भाकरी लागत असेल. भांडण इतकं वाढलं की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर डोकावून गेले आणि पाठोपाठ मुख्याध्यापक योगीराज सर आले.

त्यांनी राजपाल सरांना दाराबाहेर बोलावलं. "काय चाललंय?"

"उजळणी, सर."

"ही?"

"मुलं मत देतायत."

"मत द्यायला अठरा वर्षं पूर्ण व्हावी लागतात, राजपाल सर," योगीराज सर गंभीरपणे म्हणाले. "पंधरा वर्षाच्यांना नोट्स द्या. मागच्या वर्षी शंभर टक्के निकाल होता, ध्यानात ठेवा."

राजपाल सर हो म्हणाले. अठ्ठावीस वर्षांत ते मुख्याध्यापकांना दुसरं काही म्हणाले नव्हते. मग वर्गात आले आणि दार लोटून घेतलं.

तेवढ्यात शिवप्रिया उभी राहिली. "सर, तुमाला आवडली का?"

"काय?"

"विहिरीची कविता."

वर्ग सरांकडं बघायला लागला. सरांच्या तोंडात ते वाक्य तयारच होतं. सिम्पलपर्यंत आलंही असेल. त्यांनी ते गिळलं आणि खुर्चीवर बसले. तासाला सर बसत नसत.

"पोहऱ्याची ओळ आवडली," ते म्हणाले. "आजच आवडली, चैतालीमुळं. पण कविता न्हाय आवडली. माझी आई सांगते, आमच्या लोकांना विहिरीच्या काठावर चढू देत न्हवते. ती खाली घागर मांडून बसायची. कुणी वरनं ओतलं तर पाणी, न्हायतर न्हाय. म्हणून विहीर सगळ्यांना सारखं देते हे वाचलं की... मी सहा वर्षं तुमाला ते लिहून दिलं. मला खरं वाटतं का, हे बघितलंच न्हाय, तसंच लिहून दिलं."

त्रेचाळीस पोरं सगळ्या आळ्यांतली होती. कुणी सरांकडं बघत होतं, कुणी बाकावर कोरलेल्या नावाकडं. चैताली सरांकडंच बघत होती.

महारुद्रनं हळूच हात वर केला. "सर, हे पेपरात लिहायचं का?"

आधी सरच हसले, मग सगळे. "तुझं जे खरं असंल ते लिही," सर म्हणाले. "फक्त स्पेलिंग नीट."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिवप्रिया शिक्षकखोलीच्या दाराशी आली. आत यायचं की नाही, असं तिचं चाललं होतं.

"सर, मी आजीला विचारलं. ती वरनं वतायची का म्हणून."

सरांनी हातातला चहा खाली ठेवला. "मग?"

"न्हाय म्हणली. सासू रागवायची म्हणली. मग आपलेच तळहात बघत बसली." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी लिवलं ना, ओढणारा माणूस देतो म्हणून. ते पण चुकलंच की सर. मी परत लिहू का?"

वळ त्या म्हातारीच्या हातावर होतेच, त्यात खोटं काही नव्हतं. "लिही," ते म्हणाले. "आणि हे बघ, आजीला बोल लावू नको. ती तुला खरं बोलली. एवढी वर्षं मला तेवढंही जमलं न्हवतं."

शिवप्रियानं पुन्हा लिहिलं. ते दीड पान झालं, आणि पाच मार्काच्या उत्तराला दीड पान लिहिलं तर पुढचे प्रश्न राहतात, हे सरांना तिला सांगावं लागलं. मास्तरकी ती मास्तरकी.

उजळणी पुढं तशीच चालली, म्हणजे वेळेत संपली नाही. प्रत्येकाला काही ना काही म्हणायचं असायचं, आणि ज्यांना कालपर्यंत काहीच म्हणायचं नव्हतं त्यांना जास्त. शेवटची पतंगाची कविता घ्यायची राहूनच गेली. सरांनी मनाला समजावलं, पतंगाची कविता कधी येत नाही.

पतंगाचीच आली.

पेपर सुटला तेव्हा सर केंद्राच्या फाटकाबाहेर लिंबाखाली उभे होते, आणि बोर्डाचा पेपर आपणच दिल्यासारखे येणाऱ्या प्रत्येक पोराचं तोंड बघत होते. शिवप्रिया आणि चैताली आल्या. दोघींनी लिहिलं होतं आणि दोघींचं एकमेकींशी पटलं नव्हतं, त्यावरच बोलत बोलत त्या गेल्या. महारुद्र सगळ्यात शेवटी आला.

"लिहिलं का रं?"

"लिहिलं. न्हाय आवडली म्हणून लिहिलं."

"का न्हाय आवडली?"

"वाचायला वेळच उरला न्हाय, सर. तुमी म्हणला ना, खरं असंल ते लिहा."

निकाल लागला. त्रेचाळीसपैकी एक्केचाळीस पास. दोघं गेले ते गणितात, पण योगीराज सरांनी पुढचा आठवडाभर इंग्रजीकडंच बघून सुस्कारे टाकले. इंग्रजीत चैतालीला चौऱ्याऐंशी, शिवप्रियाला एक्क्याऐंशी, महारुद्रला अडतीस. एकूण सरासरी मागच्या वर्षापेक्षा फारशी वरही गेली नाही की खालीही आली नाही. क्रांती झाली असं कुणी म्हणावं, असं काही त्या कागदात नव्हतं. पण महारुद्र पेढे घेऊन सरांच्या घरी आला आणि मथुराबाईनं त्याला बसवून ठेवून पतंगाची कविता सांगायला लावली. त्यानं वाचलेलीच नव्हती. तरी त्यानं तिला पंधरा मिनिटं सांगितली, आणि तिला ती फार आवडली.

जुलैत धाराशिवला इंग्रजीच्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. राजेश्वरी मॅडमनी कुठंतरी शब्द टाकला असावा, कारण रसग्रहण या विषयावर दहा मिनिटं बोलायला राजपाल सरांचं नाव निघालं. सर आठ दिवस झोपेत बडबडत होते, असं गुलाब सांगते. प्रत्यक्षात ते बरे बोलले. आपलं बावीस वर्षांचं रसग्रहण त्यांनी स्वतःच वाचून दाखवलं, तेव्हा सभागृहात हशा पिकला. पण तो थोडा चोरटा होता, कारण बऱ्याच जणांकडं तसंच एकेक होतं. मग त्यांनी विहिरीबद्दल सांगितलं, आईबद्दल सांगितलं, आणि मुलांना आधी विचारा, मग सांगा, एवढं बोलून ते थांबले. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले.

प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा मागून एक तरुण शिक्षक उठला. चेहरा उत्सुक, हातात मोबाईल तयार.

"सर, फार छान. मुलांनी स्वतःचं मत लिहायचं, हे अगदी पटलं." त्यानं मोबाईल वर धरला. "तर ते मत तेवढं फळ्यावर लिहून देता का? फोटो काढून घेतो."

सभागृहात कुणीच हसलं नाही. पाच-सहा जणांनी आपापले मोबाईल काढले. राजपाल सरांनी एकदा राजेश्वरी मॅडमकडं पाहिलं. त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता. मग सर त्या तरुणाला म्हणाले, "तुम्हीच या की पुढं. कुठली कविता शिकवता सध्या? वाचून दाखवा बरं, मोठ्यानं."

तरुण बिचारा पुढं आला, आणि जेवणाची वेळ टळून गेली तरी चाळीस शिक्षक एका कवितेवर भांडत बसले.